मधली भिंत

"काका, ही भिंत सोडा. ही उबदार आहे. हात लावून बघा हवं तर." कारागिराने मधल्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं.

गल्लीत सगळे ज्यांना मीटरवाले म्हणत, त्या काकांनी हात लावला नाही. गेली चौदा वर्षं त्यांनी त्या भिंतीला हात लावला नव्हता. पलीकडे त्यांचा सख्खा थोरला भाऊ राहायचा, शिवणकाम करायचा. आई गेली त्या दिवशी 'तू डॉक्टरला वेळेवर बोलावलं नाहीस' असं धाकटा बोलून गेला, आणि ते थोरल्याच्या जिव्हारी लागलं. मग जुन्या घराचे दोन भाग झाले, मधे एका विटेची भिंत उभी राहिली आणि बोलणं कायमचं बंद झालं.

"आधी हीच," मीटरवाले म्हणाले.

"अहो, थंडी येते ती वरच्या पत्र्यातून आणि त्या खिडकीच्या भिंतीतून. थंडी अडवणारे हे फोमचे तक्ते मोजकेच आहेत. पत्र्याखाली लावू या."

"माझ्या हीटरची ऊब इथून पलीकडे जाते. त्याने ती फुकट का खावी?"

"तुमचं घर, तुमची मर्जी." कारागिराने टेप उलगडली. "एक आहे, आवाजही अडेल."

"मग तर दुधात साखर!"

तीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचलेल्या माणसाला ऊब कुठून कुठे जाते हे कालचा कारागीर काय शिकवणार? आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणाऱ्यांची एक खोड असते, कापताना त्यांना नाक दुसऱ्याचंच वाटत असतं. संध्याकाळपर्यंत भिंत तक्त्यांनी झाकली गेली. उरलेले तुकडे जेमतेम खिडकीभोवती पुरले. पलीकडच्या मशीनची कडकड थांबली आणि मीटरवाल्यांना शांत झोप लागली.

आठवड्याभरात खोली गारठली. दर हिवाळ्यात अठराच्या आसपास असणारा थर्मामीटरचा पारा चौदावर आला. मीटरवाल्यांनी कारागिराला बोलावून फैलावर घेतलं.

"फसवलंस मला."

"काका, पलीकडे भिंतीला लागून शेगडी असणार. तुमची खोली तिच्यावर तापत होती. अजून सांगा, काढून वर लावतो."

"काही गरज नाही."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मीटरवाल्यांनी स्वेटरवर स्वेटर चढवले, खुर्ची नेमकी त्याच तक्त्यांना टेकवली आणि खोकत बसून राहिले.

असेच ते बसले असताना एका दुपारी दार वाजलं. दारात वहिनी उभ्या होत्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊजी, हे गेले."

"कधी?" मीटरवाल्यांनी विचारलं.

"आत्ताच. भिंतीशी जेवायला बसले होते, छातीत कळ आली. माझा हात घट्ट धरून ठेवला होता ह्यांनी, दाराशी तरी कशी येणार? मग मी भिंत ठोकली. जवळ इस्त्री होती, तिनेच ठोकली. किती वेळ ठोकली, भाऊजी."

मीटरवाल्यांनी मागे वळून खुर्चीकडे पाहिलं. डॉक्टर चार घरं सोडून होता. आईच्या वेळी थोरल्याला जे सुनावलं होतं ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर वहिनींनी पुन्हा हाक मारली. शेगडी हलवायची होती. लोखंडी धूड, त्यांना एकटीला उचलवत नव्हतं.

मीटरवाले आत गेले. शिलाई मशीन पार दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली होतं. त्यावर बोटांची टोकं कापलेले लोकरी हातमोजे पडले होते.

"तिथे बसून शिवायचा? इतक्या लांब?"

"उजेड तिकडेच ना. बोटं आखडायची ह्यांची. मी म्हणायचे, शेगडी जवळ ओढून घ्या. तर म्हणायचे, राहू दे तिथेच, थंडीत धाकट्याची छाती भरते."

मीटरवाल्यांनी ते हातमोजे उचलले. "आणि मी तक्ते लावल्यावर?"

"ठोकाठोक ऐकली आम्ही. मी म्हटलं, आता तरी हलवा. म्हणाले, असू दे. थोडी तरी जात असेल."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "आता मात्र खिडकीशी ठेवा, भाऊजी. मला तिथेच बसावं लागणार. लोकांचे कपडे अर्धवट पडलेत."

"हो," मीटरवाले म्हणाले. तासाभरापूर्वी विझवलेली शेगडी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, थांबत थांबत खोलीच्या त्या टोकाला नेली आणि मशीनच्या अगदी जवळ ठेवली. मग ते परत भिंतीपाशी आले. शेगडीमागच्या विटा काळ्या पडल्या होत्या. त्यांनी तळहात टेकवला. भिंत अजून कोमट होती.

ती पुरती गार होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.