जपानले जाऊन आलेला कोसा

ऐक दोस्ता, नुसता ऐक. मधात "हो का", "मंग काय झालं" असं करू नको, मी सांगूनच राह्यलो ना सगळं. मी एक जुना कोसा आहो. रेशमाचा कोसा. तुमच्या शाळेच्या कपाटात काचेची बरणी हाये ना, तिच्यात जो कोंबडीच्या अंड्याएवढा, मातकट पिवळा, एका बाजूनं कापलेला गोळा दिसते, तोच मी. पोरं येतात, काचेले नाक लावतात आन म्हनतात, हे अंडं कोनाचं गा? अंडं नाई बाबा. मी विमानात बसून जपानले जाऊन आलो आहो. तुमच्या गावचा सरपंच तरी गेला का?

पन मी सुरुवातीपासून सांगतो, नाईतर तुले समजनार नाई.

पयले मी अळी होतो. कुरखेड्याकडच्या जंगलात डोमाभाऊनं मले येनाच्या, म्हनजे तुमच्या ऐनाच्या, झाडावर सोडलं, माझ्यासंग गंज अळ्या होत्या, शेकड्यानं. पाला खायचा, खायचा आन परत पालाच खायचा, बस. हिरवागार झालो, बोटाएवढा जाड झालो. कावळ्याले तर आम्ही लाडूच दिसू. डोमाभाऊ झाडाखाली खोपडी टाकून राहे, हातात गोफन, दिवसभर कावळे हाकले. त्यानं तेवढे दिवस अंगाले तेल नाई लावलं, घरी जाऊन नाई निजला. अळ्याइले विटाळ चालत नाई, असं त्याच्या बापानं त्याले सांगतलं होतं. त्याची पोरगी वच्छला रोज पेज घेऊन ये आन वरते पाहून मले म्हने, खा बाप्पा, जल्दी जल्दी खा.

मंग एक दिवस माझं पोट भरलं. तोंडातून धागा निघाला, आन दोस्ता, निघतच राह्यला. आधी फांदीले कडी घातली, कडीले देठ केला, देठाले घर टांगलं आन मी आतमधी. एकच धागा बरं का! सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच, कुठी जोड नाई, गाठ नाई. उलगडला तर त्या झाडापासून पार तलावाच्या पाळीपर्यंत पुरन. मले तर वाटे, माझ्यासारखा मीच.

आता एक गोष्ट ध्यानात ठेव, कारन पुढचं सगळं तिच्यावरच हाये. कोसा गरम पान्यात टाकला आन टोक सापडलं का अख्खा धागा सरसर निघून येते. पन कोसा कापला का खेळ खतम. जिथी कापला तिथी धाग्याचा हरेक फेरा तुटते. मंग नुसते तुकडे. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालेही मालूम हाये.

धागा काढायचं काम बायाइचं. वच्छला तेच करे. मांडीवर सूत वळायचं, तळहातानं घासून घासून. मांडीची साल निघे. ती वरून राख लावे आन दुसऱ्या मांडीवर वळे. तिच्या मायनं तसंच केलं होतं, मायच्या मायनंही तसंच. वच्छला मातर एकडाव बापाले म्हनली होती, बाबा, मले हे जनमभर नाई करायचं.

आन मंग आला जपानी साहेब. गडचिरोली जिल्हा नवीनच झाला होता तवा, चार-पाच वर्षं झाली असतीन. अधिकाऱ्यासंग जीपमधी आला. कोसे हातात घेतले, वास घेतला, कानाजवळ नेऊन हलवले. आतला जीव टकटक वाजला का मान हालवे. अधिकाऱ्यानं सगळ्याइले समजावून सांगतलं. साहेब म्हनते, कोसे पिकवनाऱ्या तुमच्या पाचही घराइनं कोसे मले टपालानं पाठवा. मी माझ्या मशिनीवर धागा काढून पाहीन. धागा तुटला नाई, तर दरसाल तुमचे सगळे कोसे जसेच्या तसे मी घेईन. धागा काढायचं काम माझी मशीन करन. पन नवं वर्ष लागाच्या आत पोचले पाह्यजेत, त्याच्यानंतर माझा सौदा दुसरीकडे.

वच्छला खांबाले टेकून उभी होती. तिनं पयले आपल्या मांडीवर हात ठेवला, मंग तोंडावर.

आता आमची एक सोसायटी होती, पाच घराइची, आन तिचा सेक्रेटरी गुणवंतराव. मानूस चांगला, पन घाईचा. तो पोस्टात जाऊन इचारून आला, जपानले विमानानं पाठवाले काय लागते. पोस्टमास्तर बापूराव म्हनले, पयल्या दहा ग्रॅमचा एक दर, मंग पुढच्या हरेक दहा ग्रॅमले वेगळे. वजन सांगा, मी हिशोब सांगतो. गुणवंतरावानं वजन केलं तं कायचं? सोसायटीत एक जुना कोसा पडून होता, त्यातलं पाखरू कवाच उडून गेलं होतं. पोकळ. पिसासारखा. त्याचं वजन गुणिले पाच, आन लावला दर. तेवढे पैसे पाच घराइनं सारखे सारखे काढले आन सगळे खूश.

पाचही घराइनं आपला एक एक निवडला. डोमाभाऊनं मले निवडलं. टोपलीत हात घालून घालून शेवटी मलेच उचललं, देठाले लाल दोरा बांधला. मी तर फुगलोच, दोस्ता. म्हनलं, चाललो मी जपानले, आता पाहा माझा धागा!

पोस्टात सगळेच आले. गुणवंतराव, डोमाभाऊ, वच्छला, मंगरू, सोमारीबाई आन बाकीची दोन घरं. सोमारीबाई एकटी बाई, नवरा मेलेला, तरी मानसाइच्या बरोबरीनं झाडं राखे. मंगरू तोंडाचा तिखट. बापूरावानं आम्हा पाचाइले तराजूत ठेवलं, आन तराजू असा खाली बसला का गुणवंतरावाचं तोंड उतरलं. आमच्या आतमधी जीव होता ना गा. पोकळ कोशाच्या पाच-सहापट आम्ही भारी.

बापूरावानं दराचा कागद काढला, बोट फिरवलं, दोनदा बेरीज केली. जमा केलेल्या पैशात काहीच होत नव्हतं. कोनाच्या हाती दुसरा पैसा नव्हता, कोसे इकल्याशिवाय तो येत नसते. जहाजानं स्वस्त पडते, पन तीन महिने लागतात, तोवर साहेबाचा सौदा दुसरीकडे. आन टपालाची गाडी दुपारी निघनार, ती सुटली का मंग चार दिवस नाई.

बापूरावानं चश्मा काढला. ते म्हनले, "एवढ्या पैशात एक साबूत कोसा विमानानं जाते. पाच नाई जात. एकच पाठवा, जो सगळ्यात चांगला असन तो."

सगळे तराजूत वाकून पाहू लागले. 

सगळ्यात चांगला कोनता हे सगळ्याइले दिसून राह्यलं होतं. मी होतो. मी तराजूत पडल्या पडल्या म्हनून राह्यलो होतो, अरे बोला ना कोनीतरी! पन कोशाचं कोन ऐकते.

डोमाभाऊ म्हनला, कोनाचाही पाठवा गा, माझाच पाठवा असं मी नाई म्हनत.

"तू काऊन म्हनशीन," सोमारीबाई म्हनली, "तुले मालूम हाये तुझाच जाईन म्हनून."

मंगरू हासला. तो म्हनला, ज्याचा जाईन त्याचंच घर साहेब लिहून ठेवन, आन आपन बाकीचे चार घरं बसू त्याची पालखी उचलत. गुणवंतराव म्हनला, तसं नाई होनार, आर्डर सोसायटीले येईन. मंगरू म्हनला, सोसायटीले काय आलं हे आम्ही मागच्या साली पाह्यलं, खताच्या वेळेस, खत कोनाच्या घरी उतरलं ते.

तवा वच्छला बोलली. बापाच्या मांगून, हळूच. "बाबा, सोमारीकाकूचा पाठवा. आपला राहू द्या. कोनाचाही जाऊ द्या, पन साबूत जाऊ द्या."

डोमाभाऊनं वळून पाह्यलं. तीन महिने अंगाले तेल न लावलेला मानूस तो. "चूप राय," तो म्हनला. "झाडाखाली मी निजलो का तू निजली?"

आन बस. तिथीच झालं सगळं. मंगरूनं तोडगा काढला. म्हनला, आतले जीव काढून टाका. पाचही हलके होतीन, पाचही जातीन. कोनाचा मांगं नाई, कोनाचा पुढं नाई. गुणवंतराव म्हनला, पन धागा? कोनीतरी म्हनलं, साहेबाले रंग तर दिसन. दुसरं म्हनलं, जपानी मशीन हाये, जोडून घेईन. सगळ्याइले मालूम होतं बरं का. एकालेही नव्हतं मालूम असं नाई. तरी सगळ्याइच्या माना हालल्या, आन पयल्यांदा त्या दिवशी सगळे एका मताचे झाले.

बापूरावाजवळ सुतळी कापाची ब्लेड होती. ज्यानं त्यानं आपला कोसा कापायचा ठरलं, कोनी कोनाचा जास्त कापला असं नको. डोमाभाऊनं मले उचललं, परत खाली ठेवलं. त्यानं ब्लेड वच्छलेच्या हातात देली.

तिनं मले कापलं. एकदम नाई कापलं, आधी अंगठ्यानं जागा पाह्यली, मंग कापलं. आतला मी बाहेर पडलो, तपकिरी, मऊ, जरासा हाललोही. पाच जीव कागदावर पडले ते बापूरावानं खिडकीतून बाहेर टाकले. कोंबड्या होत्या बाहेर. बाहेरचा मी तेवढा राह्यलो, पोकळ. परत तराजूत बसलो, आन तराजू हाललाच नाई जसा. हिशोब बरोबर जमला. तिकिटं लागली, ठप्पे बसले, गाडी वेळेवर सुटली.

विमान कसं होतं इचारू नको, लिफाफ्यातून काय दिसते. पन जपानी साहेबाचे हात मले याद हायेत, थंड आन मऊ. त्यानं पयले मले कानाजवळ नेलं आन हलवलं. काहीच वाजलं नाई. त्यानं परत हलवलं. मंग गरम पान्यात सोडलं, आन मी भरून बुडालो, कापलेल्या तोंडातून पानी शिरलं ना. त्यानं टोक शोधलं. सापडलं! धागा वर निघाला, थोडासा, आन तुटला. दुसरं टोक. तुटला. तो रागावला नाई, दोस्ता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांत बसून एक एक टोक काढत राह्यला, पाचाइचंही. मंग त्यानं आम्हाले कापडावर वाळवलं.

आम्ही वापस आलो ते लाकडाच्या नाजूक डब्यात, खाली कापूस, वरते कापूस. डब्याचंच वजन आमच्या कितीतरी पट. आन डब्यावर तिकिटं पाह्यशीन तर रांगच्या रांग. सोमारीबाई डबा हातात घेऊन म्हनली, एवढ्या तिकिटात तर पाचही साबूत गेले असते वो.

चिठ्ठी गुणवंतरावानं वाचली. साहेबानं लिहिलं होतं, रंग सुंदर हाये, पन धागा जागोजागी तुटला हाये, हा माल मशिनीवर चालत नाई. यंदाचा सौदा मी दुसरीकडे केला. आन शेवटी एक ओळ होती, आतला जीव काढून काऊन पाठवलं, हे मले समजलं नाई.

त्याचं उत्तर कोनीच नाई पाठवलं.

मंग जे होते तेच झालं. मंगरू म्हने बापूरावाची चूक. सोमारीबाई म्हने गुणवंतरावाची. गुणवंतराव म्हने मी तर इचारलं होतं, धागा? व्यापारी आला, त्याले पाह्यजे तो भाव त्यानं लावला, आन जे त्यानं नाई घेतले ते बायाइच्या मांड्यावर आले. वच्छलेचं लगन झालं, मार्कंड्याकडच्या एका गावात देली तिले, तिथीही ती सूतच वळते. डोमाभाऊ अजूनही तेल न लावता झाडाखाली निजते. पाचही घरं सारखीच राह्यली, एकही वरते नाई गेलं. मंगरूले पाह्यजे होतं तसंच झालं म्हन.

गुणवंतरावानं मले तुमच्या शाळेत आनून देलं, पोराइले दाखवाले. बरणीवर चिठ्ठी चिकटवली: रेशमाचा कोसा. कापलेली बाजू मांगं केली, म्हनजे दिसू नये. तर मित्रांनो, कवा मले हातात घेसान तर त्या बाजूनं पाहा. जरा हळूच धरा, आता मी ठिसूळ झालो आहो.

आन तू, दोस्ता, एवढं ऐकलंस तर आता बोल. तराजूत पाच कोसे, पाचही मालक समोर उभे, सगळ्यात चांगला तुझाच, सगळ्याइले दिसून राह्यलं, आन टपालाची गाडी निघाले झाली. वच्छला म्हनून राह्यली, कोनाचाही जाऊ द्या. खरं सांग, तू कोनाचा पाठवला असता?