शट म्हणजे उघड

"शट म्हणजे काय?"

"उ...घड."

"शाब्बास," शिवणबाई म्हणाली आणि मास्तरांच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं.

इतकं धडधडीत खोटं बोलताना तिची पापणीही लवली नाही. का लवावी? एकतीस वर्षं नवऱ्याने तिला याच टेबलावरून छळलं होतं. इंग्रजीचे मास्तर ना ते! घरातला नियमच तसा: दुसऱ्यांदा वाढून हवं असेल तर आधी एक इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ सांगायचा. चुकलं की ताट उचला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाहुण्यांसमोर तिचा एक अर्थ चुकला, तो किस्सा मास्तरांनी पुढे अकरा वर्षं दिसेल त्याला रंगवून रंगवून सांगितला. तेव्हापासून ती टेबलाशी बसलीच नाही. स्वयंपाकघरात उभ्याने जेवायची आणि बाहेर पाहुण्यांना विचारलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ मनातल्या मनात सांगायची. एकही चुकायचा नाही. पण हे कोणाला सांगणार, कप्पाळ?

चार महिन्यांपूर्वी मास्तरांना झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. त्यांना बोलतं करायला दर गुरुवारी एक तरुण बाई यायची. ती म्हणाली, "काकू, सरांची जीभ 'श'वर अडते, आणि शब्द वाचता आला तरी अर्थ निसटतो. म्हणून हे नऊ पत्ते घ्या. छोटे छोटे शब्द आहेत, सगळ्यांत एस आणि एच शेजारीशेजारी. अर्थ मुद्दाम लिहिलेले नाहीत. तुम्ही तोंडी सांगायचे, त्यांनी ऐकून पक्के करायचे. पुढच्या गुरुवारी चाचणी. नऊपैकी सहा आले तर सोमवारपासून सरांनी घरचा क्लास पुन्हा सुरू करायला माझी हरकत नाही. नाही आले तर वर्षभर शिकवायचं नाव नको."

सोमवारपासून क्लास! शिवणबाईची नजर पुढच्या खोलीकडे गेली. कारण क्लास भरायचा पुढच्या खोलीत, आणि पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी, आता तिचं शिवणयंत्र होतं. मास्तर अंथरुणाला खिळले त्या आठवड्यात तिने आणि शेजारणीने मिळून ते मागच्या धुण्याच्या मोरीतून ओढत आणलं होतं. मोरीत भरदिवसा दिवा लावावा लागायचा. ओलीने सुया गंजायच्या. गिऱ्हाइकाला आत बोलवायची लाज वाटायची. इथे बायका खिडकीतून हाक मारून आत येत, आरशासमोर माप देत, घटकाभर बसत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिला आपलं दुकान आहे असं वाटत होतं. ते सोडून पुन्हा मोरीत? मेले तरी जाणार नाही, तिने ठरवलं.

मग काय, तिने सगळे अर्थ उलटे केले. शट म्हणजे उघडणं. पुश म्हणजे ओढणं. शाय म्हणजे धीट. हश म्हणजे आरडाओरडा. विश म्हणजे भीती. शाम म्हणजे खरंखुरं, ॲश म्हणजे पाणी. उरलेल्या दोघांचीही तीच गत. आणि नियम तोच, मास्तरांचाच: अर्थ आला तर दुसऱ्यांदा वाढणार. आठ दिवस मास्तर घाम गाळून पाठ करत होते आणि ती शाब्बास म्हणत होती. मनातून म्हणत होती, भोगा आता.

गुरुवारी ती बाई आली. पुढच्या खोलीतच बसली, यंत्राशेजारच्या खुर्चीवर. पहिला पत्ता धरला.

"पुश, सर?"

"ओढ...णं."

बाईने वहीत फुली मारली. "शाय?"

"धीट."

फुली. "हश?"

"आ...रडाओरडा."

चौथी फुली पडली, पाचवी पडली. शिवणबाई खाली मान घालून काजं करत होती. सुटले बाई, मनात म्हणत होती. बाईने पत्ते खाली ठेवले आणि हळूच म्हणाली, "राहू द्या सर. आज सगळेच चुकताहेत."

मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"नाही! बरो...बर आहे! हिला... हिला विचारा! हिला... सगळं येतं!"

शिवणबाईच्या हातातली सुई थांबली. हिला सगळं येतं. एकतीस वर्षं हे तीन शब्द ऐकायला तिचे कान आसुसले होते, आणि आले तेव्हा आले ते असे, तिच्या खोट्यावर.

बाईने वळून विचारलं, "काकू, तुम्हीच हे अर्थ सांगितलेत?"

आता फक्त "मला मेलीला कुठलं इंग्रजी येतंय" एवढंच म्हणायचं होतं. बाईने समजून घेतलं असतं, खोली शिवणबाईचीच राहिली असती. तिने तोंड उघडलंही. पण त्या अकरा वर्षांच्या किश्श्यावर आपल्याच हाताने शिक्का मारायचा? जीभ वळेना.

"पुश म्हणजे ढकलणं," ती ताडकन उभी राहत म्हणाली. "शाय म्हणजे लाजाळू. हश म्हणजे गप्प बसणं. विश म्हणजे इच्छा, शट म्हणजे बंद करणं, शाम म्हणजे ढोंग, ॲश म्हणजे राख, रॅश म्हणजे उतावळा, शेड म्हणजे गाळणं, पानं गाळणं. मला नऊच्या नऊ येतात. यांना मी उलटे शिकवले. मुद्दाम!"

शिवणबाईने नवऱ्याकडे बघितलं. शिव्या झेलायची तिची तयारी होती, त्यांची तिला सवय होती. पण मास्तर भर वर्गात फसवल्या गेलेल्या पोरासारखे बघत होते, आणि ते तिला सोसवेना. लाज वाटली. लाज वाटली म्हणून संताप आला.

"यापुढे अर्थ मीच शिकवीन," बाई वही मिटत म्हणाली. "पुढच्या गुरुवारी पुन्हा चाचणी घेऊ. सहा आले की क्लास सुरू."

"नको," मास्तर म्हणाले. "हि...नेच शिकवायचं. आता बघतो... कशी फस...वते."

"शिकवीन!" शिवणबाई गरजली. "खरं शिकवीन, डोळ्यांत डोळे घालून शिकवीन. पण नऊच्या नऊ आले तरी यंत्र इथून हलणार नाही. क्लास घ्या त्या मोरीत, पोरांना दिवा लावून द्या. ऐकलंत?"

मास्तर टेबल धरून उठले. त्यांना उत्तर द्यायचं होतं. ओठ हलले, डोळे भरून आले, पण शब्द काही सापडेना. बाईने शिवणबाईकडे बघितलं, आता तरी शब्द सुचवा, अशा नजरेने.

ते तिला गप्प बसवायचा शब्द शोधताहेत, 'हश', हे शिवणबाईला पक्कं ठाऊक होतं. तिने तो सुचवला नाही.