साहेबांची पकड

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत साहेबांना दर वर्षी एक नवं वेड लागायचं आणि ते अख्ख्या खात्याला भोगावं लागायचं. आधी सकाळचं धावणं झालं, मग ध्यान झालं, मग हिरव्या रसांचं खूळ आलं. यंदा साहेबांचा मुलगा ज्युदोच्या क्लासला जाऊ लागला. त्याला न्यायला आलेल्या साहेबांनी एकदा मोठ्यांचा क्लास पाहिला, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये जाहीर झालं, की झटापट केल्याने माणसं जवळ येतात. सक्ती अर्थातच नव्हती. कोण आलं आणि कोण नाही, एवढंच फक्त साहेबांच्या लक्षात राहणार होतं.

म्हणून तक्रारबाईही आली. अडकलेल्या लिफ्टमधून लोक ज्या नंबरवर ओरडतात तो फोन गेली अकरा वर्षं ती उचलत होती, त्यावरून हे नाव पडलेलं. हॉल तिच्या ओळखीचा होता. गॅरेजच्या वरचा, रबराच्या आणि मोज्यांच्या वासाचा, खांबांना फोम गुंडाळलेला. तिची अकरा वर्षांची लेक दोन वर्षं तिथेच शिकत होती आणि तिच्या कमरेला पिवळा पट्टा होता. आईच्या कमरेला पांढरा आला, तो बांधायलाही लेकीनेच शिकवला.

मास्तर म्हणजे काडीसारखा म्हातारा माणूस. पहिल्या दिवशी त्याने दोनच गोष्टी शिकवल्या. एक, पडायचं कसं. दुसरी, टॅप. जोडीदाराची पकड सोसवेनाशी झाली की त्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा हात आपटायचा. आपटणारा हरला, पण समोरच्याने त्या क्षणी सोडायचंच.

"टॅप करण्यात लाज नाही," मास्तर म्हणाला. "टॅप झाल्यावर न सोडण्यात लाज आहे."

खात्याला पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं. सगळं खातं त्यावर तुटून पडलं. साहेब समोर उभे राहिले, की विक्रीवाला त्यांचा हात लागायच्या आधीच हवेत उडी मारून आडवा व्हायचा, आणि वर 'आई गं!' म्हणायचा. ती उडी तो घरी आरशासमोर बसवत असावा. ड्राफ्ट्समन साहेबांपेक्षा वीतभर उंच, पण त्याला साहेबांनी नुसती बाही धरली तरी टॅप. उठता उठता तो म्हणायचा, "अंगठ्यात काय जोर आहे साहेब तुमच्या!" हिशेबनीस तर काहीच न बोलता मटकन बसायचा. एवढ्या सगळ्या होयबांना लोळवून साहेब दोन महिन्यांत स्वतःला पैलवान समजू लागले. चालतानासुद्धा हात अंगापासून लांब ठेवू लागले, जणू दंड मध्ये येत होते.

मास्तरने सुरुवातीला विचारून पाहिलं. "दुखलं का?"

"नाही," ड्राफ्ट्समन म्हणाला.

"मग टॅप कशाला?"

ड्राफ्ट्समनने आपल्या पायाच्या बोटांकडे पाहिलं. बाकीच्यांनीही आपापली बोटं पाहिली. त्यानंतर मास्तरने विचारणं सोडून दिलं. खात्याच्या बाजूला तो पाठ करून उभा राहू लागला.

तक्रारबाईला या सगळ्यांचा तिटकारा यायचा. विक्रीवाल्याची 'आई गं' ऐकली की तिच्या अंगावर काटा यायचा. पण तिची पाळी आली की तीही तेच करायची. उडी मारायची नाही, ओरडायची नाही, एवढीच काय ती तिची शान. साहेबांनी कॉलर धरली, की तिचा हात आपोआप मॅटवर दोनदा आपटायचा. लिंबूटिंबूसारखी पडून ती उठायची आणि साहेब खूश व्हायचे.

मुलांचा क्लास आधी सुटायचा. लेक भिंतीकडच्या बाकावर बसून आईची वाट बघायची, म्हणजे सगळं बघायची.

"आई, त्यांनी तुझी नुसती कॉलर धरली होती," एकदा घरी जाताना ती म्हणाली.

"हं."

"मग टॅप का केलंस?"

"दुखलं."

"कॉलर दुखते?"

आईने रस्ता ओलांडायचं निमित्त करून तिचा हात ओढला. मनातून ती इतकी चिडली होती की लेकीचं मनगट लाल झालं.

खरं कारण लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. कंपनी दूर एका गावी नवी शाखा उघडत होती. तिथे खात्यातलं कोणीतरी एक दोन वर्षांसाठी जाणार होतं, आणि ते नाव साहेब देणार होते. प्रवास आठ तासांचा. म्हणजे लेक आठवड्यातून एकदा दिसणार, तेही सुट्टी मिळाली तर. त्या एका नावाच्या भीतीने चार धडधाकट माणसं दर शनिवारी पटापट पडत होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी साहेब तिच्या टेबलापाशी आले. रविवारी सकाळी मोठ्यांची आणि मुलांची, दोघांचीही परीक्षा होती.

"बाई, तुमच्या मुलीची जोडी आमच्या चिरंजीवांशी लागलीय म्हणे."

"हो साहेब."

"फार हळवा आहे हो तो. हरला की दोन दोन दिवस जेवत नाही." त्यांनी तिचा स्टेपलर उचलला, उघडून बघितला, मिटला. "आणि ते नव्या शाखेचं नाव मला सोमवारी कळवायचंय."

दोन वाक्यांमध्ये त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. माणूस इतका उघड निर्लज्ज असला की त्याला काय उत्तर द्यायचं हे सुचत नाही, आणि तिला सुचलंही असतं तरी तिने दिलं नसतं. ती "हो साहेब" म्हणाली. घरी आल्यावर लेकीच्या ड्रेसच्या घड्या घालता घालता तिने विषय काढला.

"उद्या त्याला जिंकू दे."

"का?"

"मी सांगतेय म्हणून."

लेकीने आपला पट्टा गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "चालेल. पण तू उद्या साहेबांशी खरं खेळायचं. एकदाच. तू खरं खेळलीस तर मी हरेन."

आईने झटकन हिशेब केला. साहेब वजनाने दुप्पट. खरं खेळूनही हरता येतं, उलट तसं हरणंच सोपं. लेकीचाही मान राहील आणि साहेबांचाही. "कबूल," ती म्हणाली. मग लेकीने तिला पलंगावर पाडून छातीवर आडवं कसं झोपायचं, मान कशी कवेत घ्यायची, पाय कसे रुंद ठेवायचे ते दाखवलं. दोघी इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली. कित्येक महिन्यांत तिला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

रविवारी हॉल पालकांनी भरला होता. विक्रीवाला साहेबांसमोर पडला, 'आई गं' झालं, टाळ्या झाल्या. ड्राफ्ट्समन पडला. हिशेबनीस बसला. शेवटी तक्रारबाई मॅटवर गेली आणि वाकून नमस्कार करून उभी राहिली. बाकावर लेक पुढे झुकून बसली होती.

साहेबांनी नेहमीप्रमाणे तिची बाही आणि कॉलर धरली, पाठ वळवली आणि कमरेवरून टाकायला ओढ दिली. नेहमी या वेळी समोरचा माणूस स्वतःच उडी मारायचा. तक्रारबाईने मारली नाही. दोन महिन्यांत साहेबांनी एकही माणूस खरोखर उचलला नव्हता, तेव्हा तो उचलतात कसा हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. ते ओढत राहिले, त्यांचा पाय त्यांच्याच पायात अडकला, ते गरकन फिरले, आणि लिफ्टचा दोर तुटावा तसे ते धाडदिशी उताणे पडले. ती त्यांच्यावर.

तिने काही ठरवलं नव्हतं. छाती छातीवर आडवी, मान कवेत, पाय रुंद. साहेब खाली वळवळले. काही हललं नाही. एवढा मोठा माणूस, आणि खाली नुसती चरबी आणि धाप!

मास्तर कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच खात्याकडे तोंड करून मोजू लागला. असंच दाबून ठेवत वीस झाले की ती जिंकणार होती. "चार... पाच..." हॉल चिडीचूप झाला. "नऊ... दहा..." तिला लेकीचे गुडघे दिसत होते, बाकाच्या कडेवर आलेले. शाखा गेली खड्ड्यात, तिला वाटलं. अगदी खरंच वाटलं.

"तेरा... चौदा..."

"बाई," साहेब तिच्या कानाशी हळूच म्हणाले, "काय चाललंय?"

टेबलापाशी उभं राहून विचारतात तसंच, तेवढ्याच आवाजात. आणि तिचा हात उठला आणि मॅटवर दोनदा आपटला.

पकड तिची होती. खाली ते होते. तरी टॅप तिने केलं होतं, आणि तो आवाज हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचला होता. मास्तर मोजायचा थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, ती काहीतरी बोलेल म्हणून थोडा थांबलाही. ती साहेबांवरून उठून बाजूला झाली. नियम नियमच, त्याने साहेबांचा हात वर केला.

"बघितलंत?" साहेब धापा टाकत, पट्टा सारखा करत म्हणाले. "खाली असलो तरी माझी पकड सुटत नाही."

"अंगठ्याचा जोर, साहेब," ड्राफ्ट्समन म्हणाला, आणि सगळं खातं कडकडून टाळ्या वाजवू लागलं.

मग मुलांची पाळी आली. लेकीने आईकडे एकदाही पाहिलं नाही. साहेबांच्या मुलाची बाही धरली, पाय लावला, तो पडताक्षणी छातीवर आडवी झाली. सहाव्या आकड्याला त्याने टॅप केलं आणि त्याच क्षणी तिने सोडलं. केस विस्कटलेला पोरगा तोंडभर हसत उठून बसला.

"कसं केलंस? परत दाखव ना!"

याच पोराला म्हणे दोन दिवस अन्न जाणार नव्हतं. साहेबांनी तक्रारबाईकडे पाहिलं, खिशातून फोन काढला आणि बोलत बोलत बाहेर गेले. सोमवारी कोणतं नाव कळवलं जाणार हे समजायला मीटिंगची गरज उरली नव्हती. विक्रीवाल्याने तर लगेच तिच्यापासून चार हात लांब उभं राहायला सुरुवात केली.

जिन्यात तिने लेकीला गाठलं. रागाने तिचा आवाज चिरकत होता. "आपलं ठरलं होतं ना?"

"तू खरं खेळलीस तर, असं ठरलं होतं."

"खेळले की! हरले म्हणून काय झालं?"

"आई," लेक म्हणाली, "तू वर होतीस."

ती ओरडली असती, फुरंगटली असती, तर आईला बरं वाटलं असतं. पण ती अगदी हळू, समजुतीच्या आवाजात बोलली. मग तिने आईच्या हातातली पिशवी काढून घेतली, स्वतःच्या खांद्यावर टाकली, आणि आईला जिना नीट उतरता यावा म्हणून कडेला होऊन थांबली.