गुरुवारचा क्लच

नकाशेवाल्यांच्या मोटारसायकलला न्यूट्रल लागत नव्हता, आणि त्या एका न्यूट्रलने माझ्या नाकी नऊ आणले होते.

नकाशेवाले म्हणजे पाणीखात्यात तीस वर्षं नळांचे नकाशे काढून निवृत्त झालेले गृहस्थ. उंच, शर्टाला कडक इस्त्री, खिशात अजूनही टोक केलेली पेन्सिल. दर गुरुवारी दहाच्या ठोक्याला गॅरेजच्या दारात गाडी उभी करायचे आणि पाढा म्हणावा तसं म्हणायचे, "मिस्त्री, सिग्नलला थांबलं की न्यूट्रल सापडत नाही. पहिल्यातून थेट दुसऱ्यात जाते."

दुखणं साधं होतं. क्लचची केबल सैल पडली की हँडलवरची दांडी पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही, गिअर अडकून राहतात, आणि पाय कितीही जपून चालवा, न्यूट्रल हुकतोच. इलाजही साधा. इंजिनाजवळचा चेकनट दहाच्या पान्याने सैल करायचा, अॅडजस्टर फिरवून केबल ताणायची, दांडीच्या मुळाशी एका नाण्याच्या जाडीइतका ढिलेपणा ठेवायचा आणि नट आवळायचा. पाच मिनिटांचं काम. ते झालं की नकाशेवाले स्टुलावर बसायचे आणि तासभर आम्ही बोलायचो. कुठल्या रस्त्याखालून कुठला नळ जातो हे त्यांना तोंडपाठ होतं. माझ्या कामाच्या टेबलाखालून चार इंची नळ जातो आणि तो त्यांनी तरुणपणी नकाशात वाकडा काढला होता, ही गोष्ट मी चारदा ऐकली. चारही वेळा हसलो.

मी एकटा माणूस. लग्न जमवायला आई होती तेव्हा मला सवड नव्हती, आणि मला सवड झाली तेव्हा आई नव्हती. खाली गॅरेज, वर खोली. नव्या गाड्या कंपनीच्या काचेच्या शोरूममध्ये जातात. माझ्याकडे येतात त्या म्हाताऱ्या गाड्या आणि त्यांचे घाईत असलेले मालक. कधीकधी दुपारपर्यंत मी माझा स्वतःचा आवाजही ऐकलेला नसतो. पण तुम्ही एकटे पडलाय असं तेव्हा कुणी म्हणालं असतं, तर मी पाना फेकून मारला असता.

तर तो क्लच. आधी वाटलं केबल ताणली जात असेल, म्हणून नवी टाकली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. ऑइल बदललं. मग क्लच उघडून एकेक प्लेट काचेवर ठेवून पाहिली, एकही वाकडी निघाली नाही. सहावा गुरुवार आला तेव्हा मला माझ्याच हातांची शंका यायला लागली. चाळीस वर्षांत एकाच दुखण्यासाठी गाडी दोनदा माझ्या दारात आलेली नव्हती. जेवताना घास हातातच राहायचा. हात गेले आपले, आता दुकान बंद करायची वेळ आली, हेच डोक्यात फिरायचं.

शेवटी मी एक केलं. नट आवळून झाल्यावर नट आणि अॅडजस्टर, दोन्हींवरून पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली. आठवड्याने पाहिलं तर रेघ तुटलेली. पण नट मात्र घट्ट होता. गाडीच्या हादऱ्याने सैल झालेला नट सैलच राहतो, तो स्वतःला पुन्हा आवळून घेत नाही. वर त्याच्या कडांवर पकडीचे दात उमटलेले. घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"या नटाला हात कोण लावतं?" मी विचारलं.

नकाशेवाल्यांनी खिशातली पेन्सिल काढली, पाहिली, परत ठेवली. "मीच."

"का?"

"घरी कुणी नसतं, मिस्त्री. ही गेल्याला दीड वर्ष झालं. काही काम नसताना कुणाच्या दुकानात जाऊन बसायचं तरी कसं?"

दुसरा कुणी असता तर त्याने तिथेच चहा ठेवला असता. मला दिसत होते ते माझे सहा आठवडे, ती काचेवरची प्लेट, तो हातातला घास. मी म्हणालो, "हे गॅरेज आहे, वाचनालय नाही. खरा बिघाड झाल्याशिवाय गाडी इकडे आणायची नाही."

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. मी क्लच नीट लावून दिला आणि ते गेले. जिभेला हाड नसतं, ते असं.

पुढचा गुरुवार आला नि गेला. त्याच्या पुढचाही. शेजारी शिवणकाम करणाऱ्या ताई आहेत, त्या मशीन थांबवून म्हणाल्या, "दादा, ते गुरुवारचे काका दिसत नाहीत हो?"

"गाडी दुरुस्त झाली त्यांची."

"मग त्यात तोंड पाडून बसायला काय झालं?"

तिसऱ्या गुरुवारी दहा वाजता माझं मलाच कळलं, की मी फडक्याने स्टूल पुसतोय. मला त्यांची आठवण येत होती. मी एकटा पडलो होतो, आणि ते आले नसते तर मला हे कधी कळलंही नसतं.

चौथ्या गुरुवारी गॅरेजला कुलूप लावलं, दहाचा पाना खिशात टाकला आणि वहीतला पत्ता शोधत गेलो. तळमजल्यावरचं घर. दाराशी गाडी कापड टाकून झाकलेली. दार त्यांनीच उघडलं, घरातसुद्धा इस्त्रीचाच शर्ट. त्यांच्या मागे स्वयंपाकघर दिसत होतं. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला, धुऊन पालथे घातलेले.

"मिस्त्री? काही राहिलं होतं का?"

"तपासायला आलो," मी म्हणालो.

त्यांनी कापड काढलं, मी गाडी चालू केली. पहिला गिअर टाकून पायाच्या अंगठ्याने हलकेच उचललं आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. पुन्हा केलं, पुन्हा लागला. इतका चांगला क्लच मी जन्मात लावला नव्हता. मला रडू फुटायचं बाकी होतं.

"उत्तम चालतेय," नकाशेवाले म्हणाले, जणू त्यांचाच काही गुन्हा होता. "बिघाड झाला असता तर आलोच असतो. तुम्ही म्हणाला होता ना."

चुकलो, असं म्हणायचं वाटभर घोकत आलो होतो. त्याऐवजी मी गाडी बंद केली, खाली बसलो, पाना काढला आणि चेकनट सैल केला. मग अॅडजस्टर उलटा फिरवला. एक फेरा, दोन फेरे. चाळीस वर्षांत जाणूनबुजून बिघडवलेली ही माझी पहिली गाडी. नट आवळायला मी पाना लावला.

नकाशेवाले माझ्याशेजारी गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

"दोन नको, मिस्त्री," ते हळूच म्हणाले. "अडीच करा. दोनवर न्यूट्रल लागतो."