खोलीचं माप

“आता दोन मिनिटं कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. पंखा बंद करा. मोबाईलसुद्धा,” फिटिंगवाल्याने सांगितलं आणि रिमोट दाबला.

सोफ्याच्या बरोबर मधे, बसलेल्या माणसाचं डोकं यावं तेवढ्या उंचीवर, तीन पायांच्या स्टँडवर एक लहानसा माईक उभा होता. पुढच्या स्पीकरमधून ‘सूंऽऽप’ असा आवाज निघाला. मग उजवीकडून. मग मागून. नवं होम थिएटर स्वतःचाच आवाज ऐकून खोलीचं माप घेत होतं. भिंत किती लांब, पडदा किती जाड, आवाज कुठल्या कोपऱ्यात घुमतो, सगळं त्याला समजून घ्यायचं होतं. सून श्वास रोखून उभी होती. मुलाचे डोळे टीव्हीवरच्या आकड्यांवर होते. आणि नेमका तेव्हाच पेंटरांना खोकला आला.

टीव्हीवर लाल अक्षरं आली. खोलीत आवाज जास्त आहे, पुन्हा प्रयत्न करा.

“बाबा!”

“आला रे. मी काय मुद्दाम आणला?”

पेंटर म्हणजे मुलाचे वडील. सगळी बिल्डिंग त्यांना पेंटर म्हणायची आणि त्यांनाही ते आवडायचं. लोखंडी कपाटांच्या कारखान्यात स्प्रे मारण्यात त्यांची उभी हयात गेली. कारखाना बंद पडला, बायको गेली, कपड्यांना येणारा रंगाचा वासही गेला. खोकला तेवढा राहिला. त्याच रंगाच्या फवाऱ्यावर पोरगा शिकला, हा ब्लॉक झाला. खरं म्हणजे या घरात त्या खोकल्याला मानाचं पान असायला हवं होतं.

आणि गंमत म्हणजे, ही वस्तू घरात यावी असं सगळ्यात जास्त पेंटरांनाच वाटलं होतं. दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं, तेव्हा मागून एक हेलिकॉप्टर आलं आणि डोक्यावरून पुढे गेलं. पेंटरांनी चक्क मान खाली घातली. सगळे हसले, आणि सगळ्यांत जास्त तेच हसले.

“असं कधी ऐकलंच नव्हतं रे मी,” ते म्हणाले. “जन्मभर कानाशी नुसता कॉम्प्रेसर.”

मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “घरी लावलं की मधे तुम्हीच बसायचं, बाबा. तुमच्यासाठीच तर घेतोय.”

पोराने खांद्यावर हात ठेवल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. मधाचं बोट लावायला याहून जास्त काही लागत नाही. पेंटरांनी त्याच आठवड्यात आपली ठेव मोडली.

आज सकाळी खोकी उघडली आणि पहिला बळी पेंटरांच्या दिवाणाचा गेला. मागचा डावा स्पीकर तिथेच यायला हवा, असं फिटिंगवाला म्हणाला. दिवाण स्वयंपाकघरामागच्या बंद गॅलरीत, वॉशिंग मशीनशेजारी गेला. “तात्पुरतं हं बाबा,” सून म्हणाली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात. इथे ही नवी वस्तू खरोखरच कानामागे येऊन बसली.

मग फिटिंगवाल्याने खोक्यातून माईक काढला. “मधे कोण बसणार? त्यांच्या कानाच्या उंचीला लावतो.”

पेंटर उठायला लागले.

“हेच बसणार की! दुसरं कोण?” सून नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

पेंटर उठलेच होते, म्हणून पाणी पिऊन आले.

तेव्हापासून हे मापाचं चाललं होतं. दुसऱ्यांदा पेंटरांनी तोंडावर टॉवेल दाबून धरला. छाती आतल्या आत उसळत राहिली, डोळ्यांतून पाणी आलं. शेवटच्या ‘सूंऽऽप’ला टॉवेलच्या आतून एक ठसका फुटलाच. पुन्हा लाल अक्षरं.

“काका, तुमचा दोष नाही,” फिटिंगवाला म्हणाला. “या मशीनला समजत नाही, ते गोंधळतं.”

“मग समजव की त्याला,” पेंटर म्हणाले. “खोलीचं माप घेतोयस ना? खोकल्यासकट घे. तो काय आज पाहुणा आलाय? या खोलीतलाच आहे.”

फिटिंगवाला हसला. मुलगा हसला नाही.

“बाबा, यांना अजून दुसरीकडे जायचंय. तुम्ही जरा बाहेर जाऊन येता का? झालं की बोलावतो.”

पेंटर जिन्यात येऊन बसले. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या.

“काय पेंटर, घरात एवढा सोहळा आणि तुम्ही बाहेर?”

“आत उकडतंय. म्हटलं जरा हवा खावी.”

जिन्यात मेला खोकला काही आला नाही. तोही कसा आहे बघा. पेंटर आतल्या सूंऽऽप-सूंऽऽपकडे कान लावून बसले. मग ते थांबलं. आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडून हेलिकॉप्टर आलं.

पेंटर उभे राहिले. शर्ट सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि दाराशी जाऊन थांबले. आता बोलावतील. हेलिकॉप्टर गेलं, मग गोळीबार झाला, मग घोडे धावले. दार उघडलं नाही. त्यांनी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. त्या आवाजात बेल कुणाला ऐकू जाणार? शेवटी त्यांनी दाराला कान लावला, आत चाललेल्या सिनेमातलं कुणी हळू आवाजात बोलायला लागेपर्यंत वाट पाहिली आणि तेवढ्यात बेल दाबली.

सुनेने दार उघडलं. “अगं बाई! तुम्ही अजून बाहेरच होय?”

फिटिंगवाला लिफ्टने कधीच गेला होता. म्हातारं माणूस म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा, असं म्हणतात. पण पेंटरांच्या नसण्याने कुणाचा काही खोळंबा झालेला नव्हता.

“काय जमलंय बघा बाबा!” मुलगा मधे बसूनच म्हणाला. तो उठला नाही. पेंटर दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकले.

“ते हेलिकॉप्टर लाव ना एकदा. मी मधे बसतो.”

“आत्ताच झालं की ते. नंतर लावतो.”

ते नंतर काही आलं नाही. दुपारी घरात एकटे असताना पेंटर रिमोटकडे नुसते बघत. “सेटिंग बिघडलं तर पुन्हा माणूस बोलवावा लागेल,” असं सुनेने बजावून ठेवलं होतं. दिवाणही गॅलरीतून परत आला नाही. तात्पुरत्या गोष्टींना मुळं लवकर फुटतात.

पहिल्याच रविवारी मुलाच्या ऑफिसातली मंडळी सिनेमा बघायला आली. दिवे मालवले. मग पेंटर गॅलरीतून हळूच येऊन मागे, खुर्चीवर टेकले. सिनेमात कुणीतरी मरायला टेकलं होतं, सगळं अगदी शांत झालं होतं, आणि पेंटरांचा खोकला निघाला. चांगला खोल, छातीच्या तळापासून आलेला.

सोफ्यावरचा एक जण दचकला. “वा! काय क्लॅरिटी आहे! मागे खरंच कुणी खोकल्यासारखं वाटलं.”

मुलाने मागे वळून पाहिलं. अंधारातसुद्धा बापलेकांची नजरानजर झाली.

“हो ना,” मुलगा पुढे बघत म्हणाला. “मागचे स्पीकर एकदम भारी आहेत.”

पेंटरांना ते फार लागलं. खोकू नका म्हटलेलं त्यांनी सोसलं होतं, बाहेर जा म्हटलेलंही सोसलं होतं. पण पोराने एवढंच म्हणायला हवं होतं, की ते माझे बाबा आहेत. दोन शब्दांचं काम होतं. ते हळूच उठले आणि भिंत चाचपत गॅलरीत गेले. वॉशिंग मशीनवर डोकं टेकून त्यांनी उरलेला खोकला संपवला. सिनेमा संपला तेव्हा पाहुण्यांनी मुलाचं कौतुक केलं. काका कुठे गेले, असं कुणी विचारलं नाही, कारण काका होते हेच कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मंडळी पुन्हा यायची होती. संध्याकाळी पेंटर गॅलरीतून बाहेर आले, तर दारात त्यांच्या चपला जिन्याकडे तोंड करून नीट मांडलेल्या होत्या. शेजारी पाण्याची बाटली आणि घडी केलेला स्वेटर. स्वयंपाकघरात सून पाठमोरी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि पेंटरांनीही तिला हाक मारली नाही.

ते जिन्यात येऊन बसले तेव्हा बाई दार लोटून घेत होत्या.

“आज अगदी जय्यत तयारीने! पाणी, स्वेटर, सगळं आठवणीने घेतलंत?”

“सुनेने काढून ठेवलं,” पेंटर म्हणाले. “फार जपतात हो मला.”

वरच्या बाजूला लिफ्ट थांबली. पाहुण्यांचा हसण्याचा आवाज आला आणि घराचं दार उघडून बंद झालं. पेंटरांनी स्वेटर अंगात घातला, सगळी बटणं लावली, आणि मग मोकळेपणाने खोकले.