पाहुणे आले

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या कापड रंगवायच्या कारखान्यात मिलिंदचं काम काय, तर रंगाचं पाणी साफ करून मगच मागच्या नाल्यात सोडायचं. सरकारचा नियमच तसा. दोन वर्षं त्याने ते इमानेइतबारे केलं. चुना, तुरटी, टाकीत हवा सोडणारा, रात्रंदिवस चालणारा ब्लोअर, गाळ उचलणारा टेम्पो, सगळा खर्च शेवटी कापडाच्या भावावर चढला. उल्हासनगरच्या गल्ल्यांत हे लचांड कुणी लावूनच घेतलं नव्हतं, त्यामुळे तिथे मीटरमागे दीड रुपया कमी. एकेक पार्टी तिकडे सरकली.

कारखान्याचा मालक लखमीचंद शेठ माणूस वाईट नव्हता. एक दिवस टाकीपाशी येऊन म्हणाला, "मिलिंद, हे चालू ठेवलं तर फॅक्टरी बंद, फॅक्टरी चालू ठेवायची तर हे बंद. चाळीस माणसं आहेत. तूच बोल, काय करू?"

त्या चाळिसांत मिलिंदही होता. ब्लोअर बंद केल्यावर पहिल्या दिवशी तो दोनदा बटणापाशी जाऊन आला. पुढे तेही थांबलं. आता तो टाकीशेजारी खुर्ची टाकून नुसता बसे. तपासणीचे साहेब आले की गेटवरून निरोप यायचा, "पाहुणे आले." मग ब्लोअर सुरू, रंगाचं पाणी थेट नाल्यात सोडणाऱ्या मागच्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद, टाकीत तुरटी. ऑफिसात साहेबांचा पाहुणचार व्हायचा, इकडे नमुन्याच्या बाटलीतलं पाणी पास व्हायचं.

त्या गुरुवारी दुपारी वॉचमन जनू लांबूनच ओरडला, "मिलिंदा, पावने आयले रं!" आणि ट्रक आला म्हणून तसाच गेटकडे पळाला. मिलिंदने सगळं केलं. बाटली भरून उभा राहिला. साहेब चहा घेत असतील, असं म्हणता म्हणता साडेपाच वाजले.

ड्युटी संपवून जनू आला, तर हा उभाच.

"तू अजून हितंच? आरं, तुजा लागंना म्हनून गेटवर तुज्या बायकोचा फोन व्हता तो!"

मिलिंदच्या मुलीला, पायलला, बघायला मुलाकडचे रविवारी येणार होते. मुलगा ऑर्डनन्स फॅक्टरीत कायम नोकरीला. असं स्थळ दुसरं मिळणार नाही, असं त्याची बायको शीला महिनाभर म्हणत होती. मुलाची ड्युटी बदलली म्हणून ते आजच आले होते.

रिक्षा करून तो चिखलोलीला घरी पोचला. शीला कप विसळत होती. तिने मान वर केली नाही.

"दोन तास थांबले," पायल म्हणाली. "मुलाच्या आईने विचारलं, वडील काय करतात? मी सांगितलं, कारखान्याचं पाणी साफ करून नाल्यात सोडतात. त्यांचं घर त्याच नाल्याच्या काठाला आहे, पप्पा, खाली उल्हासनगरात. त्या म्हणाल्या, मग आमच्या दारावरून लाल-निळं वाहतं ते कुणाचं? मग ते जयभीम करून निघून गेले. मी काय सांगायला हवं होतं?"

मिलिंदला लाज वाटायला हवी होती, हे त्याला कळत होतं. ती लाज येते का, म्हणून त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाला, "शीला, जेवायला वाढ."