बेंजामिनची उंची

दया नावाची ही पेशंटची बायको मला पहिल्या दिवसापासूनच खुपायला लागली. नवऱ्याच्या तोंडात नळी, तो औषधांच्या गुंगीत, आणि ही त्याच्या पायाशी उभी राहून त्याचे तळवे चोळतेय, ते सुद्धा अशा हक्काने की आयसीयू जसं काही तिच्या घरातली खोलीच आहे. मी इथली इनचार्ज सिस्टर. एखाद्या बाईला बाहेर काढायला मला एक वाक्य पुरतं. पण तिला काढलं नाही. उलट वरचेवर तिकडे जाऊन बघत राहिले आणि दर वेळी जास्तच जळले.

कारण तो नवरा माझा व्हायचा होता.

पुणतांब्याचा बेंजामिन. पेशंटचं नाव आणि गाव वाचलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. मग हनुवटीवरचा तो खोल व्रण दिसला आणि शंकाच उरली नाही. लग्नाच्या वयात असताना तो मला बघायला आमच्या घरी आला होता. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तो खाटेवर बसलेला होता, आणि ते लोक उठून निघाले तेव्हा आईने मला आत बोलावून घेतलं होतं. पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर मामा निरोप घेऊन आला. "पोरगी उंच हाय म्हनत्यात. मुलापेक्षा वरचढ दिसती. जोडा शोभायचा न्हाई."

पाच फूट सहा इंच. एवढाच माझा गुन्हा. तेव्हापासून मी टाचेची चप्पल पायात घातली नाही. सायमनशी लग्न झालं, तो माझ्यापेक्षा बोटभर बुटकाच आहे आणि त्यावरून त्याने कधी हूं की चूं केलं नाही. चांगला माणूस आहे. तरी दयाला त्या तळव्यांपाशी बघून माझ्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच. बुटकी होती म्हणून हिला मिळाला. हिने दुसरं काय केलं?

बेंजामिनची दोन्ही फुप्फुसं न्यूमोनियाने घेरली होती. व्हेंटिलेटरने दर श्वासाला किती हवा आत ढकलायची हे उंचीवरून ठरतं, वजनावरून नाही. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस काही मोठं होत नाही. उंचीवरून त्याचं योग्य वजन काढायचं आणि किलोमागे सहा मिली हवा द्यायची. जास्त दिली तर आधीच सुजलेलं फुप्फुस फाटतं, कमी दिली तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. हा हिशोब आमच्याकडे मी करते. डॉक्टरसुद्धा तो पुन्हा तपासत नाहीत.

"उंची?" डॉ. पार्थनी मशीनपाशी उभं राहून विचारलं. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे असतील, पण डोकं शांत.

"पाच फूट आठ इंच हायेत," दया लगेच म्हणाली. "नाताळात चांदणी टांगायला त्यांला स्टूल लागत न्हाई. मला लागतं."

मला हसूच आलं. पाच फुटांच्या बाईला कोणीही ताडमाड दिसणार. मी सहा इंचवाली त्याच्यापेक्षा वरचढ, म्हणजे तो आठ इंच कुठून असणार? मी असताना माझ्या पेशंटची उंची ही सांगणार?

"पाच-पाच धरा सर," मी म्हणाले. "नातेवाईक नेहमी वाढवून सांगतात." आणि मीच हिशोब करून तीनशे सत्तर मिली लावले, मिनिटाला अठरा श्वास. दया पुन्हा तळवे चोळायला लागली. तिला गप्प बसवलं याचं मला बरं वाटलं, अगदी गार वाटलं.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. कार्बन डायऑक्साइड साठवर. रक्तातलं आम्ल वाढायला लागलं होतं. मी गणित मांडलं. अठरा गुणिले साठ, भागिले हवे असलेले पंचेचाळीस. "श्वासांचा रेट चोवीस करावा लागेल सर."

डॉक्टरांनी मान हलवली. "एवढ्या घाईत याला श्वास सोडायला वेळ कुठे मिळणार? मुळात प्रत्येक श्वासच कमी पडतोय की काय, ते आधी बघू." मग माझ्याकडे वळले. "सिस्टर, उंची टेपने मोजली होती ना?"

झोपलेल्या माणसाची उंची टाचेपासून टाळूपर्यंत टेपने मोजायची असते. हे मीच नव्या नर्सेसना शिकवते, न मोजणारीला सगळ्यांदेखत झापते. आज मीच टेप लावला नव्हता.

टेप काढला. टाचेपाशी दयाने धरला, तिथे ती होतीच. मी डोक्याकडे गेले, आकडा वाचला. टेप पुन्हा ताणला, पुन्हा वाचला.

एकशे त्र्याहत्तर सेंटिमीटर. पाच फूट आठ इंच.

मी दर श्वासाची हवा चारशे दहा मिली केली, रेट वीस. हात आपोआप चालत होते. डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. या माणसाला मी कधी उभा पाहिलाच नव्हता. तेव्हा तो मध्ये खोल गेलेल्या खाटेत बसलेला होता, आज पलंगावर पडलेला. निरोप मात्र मी जन्मभर खरा मानला होता. उंची नडली, असं म्हणून निदान देवावर तरी राग काढता येत होता. आता ती सबबही हातची गेली. त्याला मी नको होते, बस. आणि त्या रागापायी आज मी त्याचा अर्धा दिवस श्वास तोडला होता. मी डॉक्टरांना बाजूला नेऊन तसं सांगितलं. "मी मोजलं नव्हतं सर. अंदाजाने बोलले." ते एवढंच म्हणाले, "पुन्हा नको." मला रडू आलं असतं, पण दया बघत होती.

पुढच्या रिपोर्टमध्ये आकडे खाली आले. दयाला काही कळलं नव्हतं. ती माझे हात धरून म्हणाली, "सिस्टर, तुमच्यामुळं." ते हात सोडवून घेणं मला फार जड गेलं.

फुप्फुसं सावरली, नळी निघाली, आणि एका सकाळी त्याला पहिल्यांदा उभं करायचं ठरलं. एका बाजूला दया, पण तिचा आधार पुरेना. "तुमी धरा सिस्टर," ती म्हणाली. मी त्याचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि तो उठला. थरथरत, हळूहळू, पण पूर्ण उठला. त्याची हनुवटी माझ्या डोळ्यांसमोर आली, तो व्रण अगदी जवळून दिसला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हतीच. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुमी उंच हाय म्हनून बरं झालं, सिस्टर."

"तुमच्यापेक्षा दोन इंच कमी," मी म्हणाले. "मोजलंय मी."